धुणं वाळेना, वास जाईना

पावसाळ्यातल्या धुण्याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : डोंबिवलीत वन रूम किचन आहे, बाल्कनी नाही. पाऊस आत येतो म्हणून खिडकी लावून घेतो आणि हॉलमध्ये दोरीवर कपडे टाकून पंखा पाचवर ठेवतो. तरी सुती कपड्यांना दोन दिवस लागतात आणि कुबट वास येतो. पंखा कमी पडतो का?

उत्तर : पंखा पुरेसा आहे. नडतेय ती बंद खिडकी. कपड्यातलं पाणी नाहीसं होत नाही, ते खोलीच्या हवेत जातं, आणि जुलैतल्या हवेत त्याला जागा फारशी उरलेली नसते. २८ अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता ८५ टक्के असेल तर त्यातली २३ ग्रॅम आधीच भरलेली. म्हणजे घनमीटरमागे जागा उरली चार ग्रॅमची. तुमची खोली १० बाय १२ फूट आणि साडेनऊ फूट उंच धरली तर ३२ घनमीटर हवा होते. ती सगळी मिळून जेमतेम १३० ग्रॅम पाणी घेईल, एका लहान पेल्याएवढं. आणि मशीनमध्ये ७००-८०० फेऱ्यांवर पिळलेल्या पाच किलो कपड्यांत पाणी असतं साडेतीन ते चार लिटर! खोलीतली हवा पंचवीस-तीस वेळा बदलली तरच ते बाहेर जाणार. बंद खोलीतला पंखा तीच ओली हवा गोल गोल फिरवत बसतो.

तेव्हा खिडकी उघडा. पावसाची झड ज्या बाजूने येत नाही ती उघडा, चार बोटं उघडली तरी चालेल. समोरासमोर दुसरी खिडकी नसेल तर स्वयंपाकघरातला किंवा बाथरूममधला एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा आणि मधली दारं सताड उघडी ठेवा. सहा इंची एक्झॉस्ट तासाला साधारण दोन-अडीचशे घनमीटर हवा बाहेर फेकतो, म्हणजे तुमच्या खोलीची हवा तासात सहा-सात वेळा बदलते. हिशेबाने चार-पाच तास पुरावेत. पण बाहेर जाणारी हवा प्रत्येक वेळी काठोकाठ भरून जात नाही, म्हणून सहा-आठ तास धरा. बाहेर पाऊस असताना बाहेरची हवा आत घेऊन काय फायदा, असं वाटणं साहजिक आहे. पण घराच्या आत ती एक-दोन अंशांनी तापते आणि तेवढ्यानेही तिच्यात थोडी जागा होते.

आता टांगण्याबद्दल. छताचा पंखा दोरीवरच्या कपड्यांची फक्त वरची कड वाळवतो. टेबल फॅन किंवा पेडेस्टल फॅन तीन-चार फुटांवरून बाजूने लावा, वारा कपड्यांच्या रांगेतून आरपार गेला पाहिजे. दोन कपड्यांत चार बोटं अंतर हवं. शर्ट बटणं उघडी ठेवून हँगरवर घाला. लांब कपड्याशेजारी आखूड, मग पुन्हा लांब, अशी रचना केली की मधून वारा खेळतो. चादर एकाच दोरीवर दुहेरी टाकली तर आतल्या दोन्ही बाजू ओल्या राहतात. ती दोन समांतर दोऱ्यांवर पसरा.

आणि सगळं धुणं रविवारी काढू नका. रोज अर्धी बादली धुतलीत तर ती रात्रीत वाळते. रविवारची तीन बादल्या धुणी मंगळवारीही ओलीच असतात, आणि वास धरतो तो त्या दुसऱ्या दिवशी.

प्रश्न : ठाण्यात फ्लॅट आहे. कपड्यांसाठी डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढून घेणारं यंत्र) घ्यावा, की असलेला एसीच वापरावा?

उत्तर : एसी असेल तर आधी तो नीट वापरून बघा. दमट दिवसांत दीड टनाचा एसी तासाला एक ते दोन लिटर पाणी काढतो. ड्रेन पाइपखाली बादली ठेवली की दिसेल. ड्राय मोड लावा, नाहीतर २६ अंशांवर कूल. नुसत्या फॅन मोडवर ठेवू नका, कारण कॉइलवर साचलेलं पाणी मग पुन्हा खोलीतच उडतं. कूल मोडमध्येही कॉम्प्रेसर थांबून पंखा चालू राहिला की थोड्या प्रमाणात हेच होतं, म्हणून ड्राय मोड बरा. जोडीला कपड्यांवर टेबल फॅन हवाच.

दर पावसाळ्यात रोज कपडे घरातच वाळवायचे असतील तर डीह्युमिडिफायर परवडतो. खोक्यावर लिहिलेले 'दिवसाला २० लिटर' हे आकडे बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेचे असतात. आपल्याकडच्या जुलैत ते फारसे खोटे ठरत नाहीत. असं यंत्र अडीचशे-तीनशे वॅट घेतं, म्हणजे सहा तासांत दीड-पावणेदोन युनिट, आणि खोली गार न करता थोडी गरमच करतं. कपड्यांना ते सोयीचं असतं. मात्र कॉम्प्रेसर असलेलंच घ्या. दिवसाला पाव-अर्धा लिटर काढणारी छोटी, कॉम्प्रेसर नसलेली पेल्टिअर यंत्रं आणि कपाटात टांगायच्या क्षाराच्या पिशव्या कपाटापुरत्याच. धुण्याला त्यांचा काही उपयोग नाही.

एसी किंवा डीह्युमिडिफायर चालू असताना मात्र खिडक्या-दारं घट्ट बंद. पंख्यावर वाळवताना उघडी, यंत्रावर वाळवताना बंद. खिडकी अर्धवट उघडी ठेवून एसी लावला तर तो बाहेरचा पावसाळा वाळवत बसेल.

टॉप लोड मशीनवरच्या 'एअर ड्राय' बटणाबद्दलही अनेकांनी विचारलं आहे. त्यात हीटर नसतो, बाहेरची हवा ओढून जोरात फिरवलेली असते एवढंच. पावसाळ्यात त्याचा भरवसा नको.

प्रश्न : सावंतवाडीजवळ जुनं कौलारू घर आहे. पूर्वी चुलीवरच्या दांडीवर कपडे वाळायचे. आता गॅस आहे. शेगडीत कोळसे घालून खोलीत ठेवले किंवा गॅस मंद ठेवून वर कपडे टांगले तर चालेल का?

उत्तर : दोन्ही नको. बंद खोलीत कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग ना वास, आणि झोपेत तो जिवावर बेततो. गॅसचा तर हिशेबच उलटा आहे : एक किलो एलपीजी जळला की सुमारे दीड किलो पाण्याची वाफ तयार होते. म्हणजे कपडे वाळवायला तुम्ही खोलीत आणखी पाणी सोडता. वर आगीची भीती वेगळीच.

चुलीवरची दांडी चालायची ती नुसत्या उष्णतेमुळे नव्हे. ऊन हवा वर जाऊन कौलांच्या फटींतून बाहेर पडायची आणि दारातून नवी हवा आत यायची. कौलांखाली सीलिंग मारलं की ती वाट बंद होते आणि त्याच दांडीवर कपडे कुबट होतात. तुमच्या स्वयंपाकघरात कौलं अजून मोकळी असतील आणि पाणी तापवायची चूल रोज पेटत असेल तर दांडी जरूर वापरा. फक्त ती चुलीच्या थेट वर न ठेवता बाजूला आणि किमान पाच फूट उंच घ्या, आणि नायलॉन, टेरिकॉट तिथे टांगू नका. चूल पेटत नसेल तर पडवीत, झड लागणार नाही अशा बाजूला वलण बांधा.

प्रश्न : कपडे वाळल्यावर वास नसतो, पण अंगात घातले आणि घाम आला की तासाभरात परत येतो. डेटॉल, कम्फर्ट, सगळं करून झालं.

उत्तर : कपड्यात जंतूंनी ठाण मांडलं आहे. जपानमधल्या संशोधकांनी घरात वाळवलेल्या कपड्यांच्या या वासामागचा जंतू शोधला, तो मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. कपडा पूर्ण वाळला तरी तो जिवंत राहतो आणि ओल मिळाली की पुन्हा कामाला लागतो. अंगावरचा तेलकटपणा आणि न निघालेला साबण हे त्याचं खाद्य. म्हणून वास येतो तेव्हा जास्त पावडर घालणं म्हणजे त्याला जेवू घालणंच. सॉफ्टनरचा थरही धाग्यावर बसतो आणि टॉवेलचं पाणी शोषणं कमी करतो.

एकदा जोरदार धुलाई करा. पाच लिटर पाणी साठ अंशांपर्यंत तापवा (हात घालवणार नाही इतकं गरम), त्यात दोन टेबलस्पून ऑक्सिजन ब्लीच म्हणजे सोडियम परकार्बोनेट विरघळवा आणि सुती कपडे तासभर बुडवून ठेवा. मग नेहमीसारखे धुऊन दोनदा खळबळा. रंग जाणाऱ्या कपड्याचा कोपरा आधी तपासा. रेशीम आणि लोकर यात घालायची नाही. पुढे पावडर निम्मी करा, आणि धुतलेले कपडे मशीनमध्ये रात्रभर पडू देऊ नका. फ्रंट लोड असेल तर दाराचं रबर पुसून दार उघडं ठेवा. बऱ्याचदा वास तिथूनच येत असतो.

प्रश्न : कोल्हापूर. शाळेच्या पांढऱ्या शर्टावर बारीक काळे ठिपके पडलेत, धुऊन जात नाहीत.

उत्तर : ती बुरशी आहे. शर्ट पांढरा आणि शंभर टक्के सुती असेल तर एक लिटर गार पाण्यात २० मिली घरगुती ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट) घालून दहा-पंधरा मिनिटं भिजवा, जास्त नाही. मग तीन पाण्यांतून काढा. ब्लीच उरलेलं असताना इस्त्री केलीत तर कापड पिवळं पडतं. ब्लीचमध्ये व्हिनेगर, संडास साफ करायचं अ‍ॅसिड किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. ठिपके महिनाभर जुने असतील तर डागाची सावली राहून जाते. ती घासून काढायच्या नादात कापड मात्र विरतं.

प्रश्न : पुणे. जीन्सची कंबर आणि खिसे वाळतच नाहीत. आणि मुलाचा एकच युनिफॉर्म, तो सकाळपर्यंत कसा वाळवायचा?

उत्तर : जीन्स उलटी करा, खिसे बाहेर ओढा, चेन उघडा आणि कंबरेला गोलाकार चार चिमटे लावून नळीसारखी टांगा, म्हणजे आतून वारा जाईल. पाय दुमडून दोरीवर टाकलीत तर दुमड ओली राहणारच.

युनिफॉर्म पिळून झाल्यावर कोरड्या जाड टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट घट्ट गुंडाळी करा आणि तिच्यावर गुडघ्याने दाब द्या. पिळून न निघालेलं बरंच पाणी टॉवेल ओढून घेतो. मग हँगरवर, टेबल फॅनसमोर. सकाळी शिवणी आणि कॉलर हाताच्या पालथ्या बाजूला लावून बघा. थंड लागली तर अजून ओल आहे, फक्त तेवढ्याच भागावर इस्त्री फिरवा. इस्त्री झाल्यावर दहा मिनिटं तसाच टांगून ठेवा. गरम कपड्यातून निघणारी वाफ लगेच घडी घातली तर आतच अडकते.