'दे डॉक्ट्रिना ख्रिस्तियाना' हा ख्रिस्ती धर्मशास्त्रावरचा लॅटिन ग्रंथ खरंच 'पॅरडाइज लॉस्ट'चा इंग्रज कवी जॉन मिल्टनचा आहे का? त्याचं हस्तलिखित दीडशे वर्षं कुठे होतं?

ग्रंथ मिल्टनचाच आहे, असं माझं ठाम मत आहे. पण लोकांनी शंका का घेतली, हे त्या कागदांचा प्रवास पाहिल्यावरच समजतं.

१६५२पर्यंत मिल्टनची दृष्टी पूर्ण गेली होती. त्यामुळे यात त्याचं स्वतःचं अक्षर शोधू नये. तो सांगायचा, इतर लिहून घ्यायचे. १६५०च्या दशकाच्या अखेरीस जेरेमी पिकार्ड या लेखनिकाने स्वच्छ प्रत केली. पुढे त्या प्रतीवर वेगवेगळ्या हातांनी दुरुस्त्या होत राहिल्या, ओळींच्या मध्ये आणि समासातही. १६७४मध्ये मिल्टन वारला, तेव्हा ग्रंथ अप्रकाशितच होता.

मग कागद आले डॅनिएल स्किनरकडे. हा केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा तरुण पदवीधर. त्याने पहिली चौदा प्रकरणं नव्याने उतरवून काढली आणि सगळं बाड अ‍ॅम्स्टरडॅमचा प्रकाशक एल्झेव्हिर याच्याकडे पाठवलं. एल्झेव्हिरने धर्मशास्त्री लिम्बोर्खला विचारलं. त्याने छापू नका म्हणून सांगितलं. कारण उघड होतं. पुत्र म्हणजे येशू हा पित्याच्या, म्हणजे देवाच्या बरोबरीचा नाही, असं ग्रंथ सरळ म्हणतो. शिवाय आत्मा देहाबरोबर मरतो, बहुपत्नीत्व धर्माविरुद्ध नाही, अशीही मतं त्यात आहेत. तेवढ्यात लंडनमध्ये सरकारला कुणकुण लागली. मंत्री जोसेफ विल्यमसनने दबाव आणला, बाड १६७७मध्ये परत आलं आणि सरकारी दप्तरात जाऊन पडलं.

तिथे ते दप्तराचा अधिकारी रॉबर्ट लेमन याला सापडलं ते थेट १८२३मध्ये. वेष्टणावर 'श्री. स्किनर, व्यापारी' असा पत्ता होता. धर्मगुरू चार्ल्स समनरने १८२५मध्ये ते लॅटिन आणि इंग्रजीत छापलं. आपल्याकडे १८३५च्या शिक्षणविषयक टिपणामुळे ठाऊक असलेल्या मेकॉलेचा मिल्टनवरचा गाजलेला निबंध याच पुस्तकाच्या निमित्ताने लिहिलेला आहे.

आक्षेप लगेच आले. बिशप टॉमस बर्जेसने १८२९मध्ये हे मिल्टनचं नव्हेच असं लिहिलं, आणि १९९१मध्ये मिल्टनचा अभ्यासक विल्यम हंटरने हा वाद पुन्हा उभा केला. हंटरचा मुद्दा मी हलका मानत नाही. 'जॉन मिल्टन, इंग्रज' हे नाव ग्रंथाच्या सुरुवातीच्या पत्रात येतं खरं, पण ती पानं स्किनरच्या हातची आहेत. नुसत्या त्या नावावर विसंबता येत नाही.

माझा भरवसा दुसऱ्या साक्षींवर आहे. हस्तलिखित सापडण्याच्या कितीतरी आधी सतराव्या शतकातला चरित्रकार जॉन ऑब्री याने मिल्टनच्या कामांमध्ये 'इदेआ थिओलॉजिए' नावाच्या हस्तलिखिताची नोंद केली आणि ते लंडनच्या मार्क लेनमधल्या व्यापाऱ्याचा मुलगा स्किनर याच्याकडे असल्याचं लिहून ठेवलं. भाचा एडवर्ड फिलिप्स सांगतो, की मामा एम्स आणि वोलेब या शास्त्र्यांच्या आधाराने धर्मशास्त्राचा ग्रंथ रविवारी विद्यार्थ्यांना सांगून लिहून घेत असे. या ग्रंथावर त्याच दोघांची छाप आहे. घटस्फोटाच्या चर्चेत लेखक आपल्याच आधीच्या लेखनाचा हवाला देतो, आणि घटस्फोटावरच्या पुस्तिकांमुळे मिल्टन बदनाम झाला होता, हे सर्वांना माहीत आहे. २००७मध्ये अभ्यासकांच्या एका गटाने कागद, हस्ताक्षरं आणि लॅटिन शैलीची आकडेवारी तपासून कौल मिल्टनच्या बाजूनेच दिला.

मला खरी हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. स्किनरने उतरवलेल्या प्रकरणांची पिकार्डची मूळ पानं उरलेली नाहीत. पुत्राविषयीचं पाचवं प्रकरण, म्हणजे सगळ्यात स्फोटक भाग, नेमकं त्यातच येतं. तिथे मिल्टनने काय खोडलं, काय वाढवलं, कुठे विचार बदलला, हे आता दिसणार नाही. पंधराव्या प्रकरणापासून पुढे मात्र हे सगळं कागदावर दिसतं.

हस्तलिखित आज लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहे. वाचायचं असेल तर २०१२ची ऑक्सफर्ड आवृत्ती घ्या. लॅटिन आणि इंग्रजी समोरासमोर आहे.