नवीन विश्वासात आलायस आणि पगाराची काळजी लागलीय, त्यावर थोडं

भावा, माग बंद पडले की आठवड्याचा पगार अर्धाच हातात येतो हे सोलापुरात कुणाला सांगायला नको, तुला झोप लागत नाही ते कळतंय मला. पण देव पुरवतो म्हणजे महिन्याचं सगळं एकदम देतो असं समजू नको. बायबलातल्या निर्गम पुस्तकाचा 16 वा अध्याय निवांत वाच, रानात इस्राएली लोकांना मान्ना, म्हणजे देवानं आकाशातून दिलेलं अन्न, मिळायचा तो रोजच्यापुरताच, उद्यासाठी ठेवला की किडे पडायचे, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट, आणि सकाळी उठून गोळा करायला जावं लागायचंच बरं का, ऊन तापलं की वितळून जायचा. दुष्काळात एलीया संदेष्ट्याला जेवू घालणाऱ्या सारफथ गावच्या विधवेचं पण मडक्यातलं पीठ सरलं नाही, पण कोठार भरलं असं कुठं लिहिलंय? म्हणून मोघम मागू नको, रेशन, पोराची फी, लाईटबिल, नाव घेऊन माग. आणि देव फेडेल म्हणून हप्त्यावर मोबाईल उचलू नको, तो विश्वास नाही, ती देवाची परीक्षा घेणं झालं असं मला तरी मनापासून वाटतं. अडचण मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, वडीलधाऱ्यांपासून लपवू नको, देव बऱ्याचदा माणसांच्या हातूनच पाठवतो. रविवारी उपासना झाली की थांब, दोघं मिळून प्रार्थना करू.