वॉर्डातली औषधे: सिस्टरांचे प्रश्न

टीबीच्या पेशंटची लघवी नारिंगी झाली. औषध थांबवायचे का?

नाही. तो रिफाम्पिसिनचा रंग आहे. डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या लागल्या, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पँटोप्राझोलची (अ‍ॅसिडिटीची) गोळी कुटून राईल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, देऊ का?

नको. आवरण फुटले की पोटातल्या आम्लात औषध नासते. डॉक्टरांकडून पर्याय लिहून घ्या.

व्हायल (इन्सुलिनची बाटली) संपली होती, म्हणून इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमधून (पेनात बसणाऱ्या नळकांडीतून) सिरिंजने बरोबर २० युनिट इन्सुलिन काढले. तरी पहाटे शुगर एवढी का उतरली?

कारण ते २० नव्हतेच, ५० होते. हा प्रश्न वर्षानुवर्षे येतोय आणि दर वेळी माझा जीव खालीवर होतो. आपल्याकडच्या बहुतेक व्हायलमध्ये मिलिलिटरला ४० युनिट असतात, कार्ट्रिजमध्ये १००. लाल टोपणाची सिरिंज ४०ची, नारिंगी टोपणाची १००ची. लाल सिरिंजवरची २०ची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. त्यात कार्ट्रिजचे औषध भरले की अडीचपट डोस गेला. उलटी चूक आणखी फसवी. ४०ची व्हायल आणि नारिंगी सिरिंज, म्हणजे २०च्या जागी जेमतेम ८. शुगर चढते, राउंडला डोस वाढवला जातो, आणि ज्या दिवशी योग्य सिरिंज हाती येते त्या रात्री पेशंट कोसळतो. ‘सगळ्या सिरिंज सारख्याच’ म्हणत हाताला येईल ती देणारे दुकानदार आहेत. त्यांचे ऐकू नका, लेबल वाचा. कार्ट्रिजमध्ये सिरिंज खुपसायचीच नाही. व्हायल नसेल तर रात्री २ वाजता का होईना, आरएमओंना (निवासी डॉक्टरांना) उठवा. आणि पेशंट अॅटेनोलॉल या ब्लड प्रेशरच्या गोळीवर असेल तर शुगर उतरतानाची धडधड जाणवेलच असे नाही. घाम दिसला की ग्लुकोमीटर लावा.

टेस्ट डोसला (अॅलर्जी तपासायला आधी दिलेल्या थोड्या औषधाला) काही झाले नाही. मग सेफ्ट्रिअॅक्झोन हे अँटिबायोटिक बिनधास्त द्यायचे ना?

बिनधास्त काहीच द्यायचे नसते. टेस्ट डोस ही हमी आहे, हे कोणी पसरवले कोण जाणे! आधी कधी रिअॅक्शन आली होती का, हे विचारा आणि सुरुवातीची काही मिनिटे खाटेपाशी थांबा. अंगावर गांधी उठून श्वास लागला की पहिले औषध अॅड्रिनलिन, मांडीच्या स्नायूत; मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम. एव्हिल (अॅलर्जीचे औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) नंतर. अॅड्रिनलिन शोधण्यात आणि डॉक्टरांना फोन लावण्यातच वेळ जातो. म्हणून ते देण्याची लेखी सूचना डॉक्टरांकडून आजच घेऊन ठेवा, अँप्युल ट्रेमध्ये हवी, कुलपात नको.

दुष्परिणाम औषधाचाच आहे याची खात्री नाही. तरी कळवायचे?

हो, संशय पुरेसा आहे. डॉक्टरांना सांगा, केसपेपरवर वेळ घाला. भारतीय फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या) कार्यक्रमाचा फॉर्म नर्सलाही भरता येतो. टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४.