पुढचे पुस्तक घेण्याआधी एक युद्ध पुरते वाचा

आपण लिहिले आहे की रणनीतीवर लिहिणारे कौटिल्य, चीनचा सन त्झू आणि जर्मन क्लॉजविट्झ वर्षभर वाचूनही पानिपतावर मराठे का हरले या प्रश्नाला 'विश्वासरावांना गोळी लागली' यापलीकडे उत्तर सुचत नाही, तेव्हा आता कोणते पुस्तक घ्यावे. मीही या वाटेने गेलो आहे. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, त्यामुळे हे एका वाचकाचे मत समजावे. पण सध्या नवे पुस्तक घेऊ नका, असे मी स्पष्ट सांगेन.

मंडल (शेजारी शत्रू-मित्र राज्यांचे वर्तुळ), षाड्गुण्य (परराष्ट्रनीतीचे सहा उपाय) वगैरे कौटिल्याची सूत्रे आपल्याला ठाऊक आहेतच. आता एकच युद्ध घ्या आणि ते पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत वाचा. आपण कोल्हापूरचे आहात, म्हणून 1681 ते 1707 हा मराठे आणि औरंगजेब यांच्या युद्धाचा काळ सुचवतो. नुसती घटनांची यादी केली तर मराठे हरतच गेलेले दिसतात: 1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली आणि रायगड पडला, 1698 मध्ये तमिळ मुलखातला जिंजीचा किल्ला गेला, 1701 मध्ये पन्हाळा, 1702 मध्ये विशाळगड. तरीही दक्षिण जिंकण्याचा बादशहाचा हेतू साधला नाही. असे का झाले, हा प्रश्न ज्याला छळत नाही, त्याला सूत्रे पाठ करून काही मिळायचे नाही.

जिंजी शिवाजी महाराजांनी 1677 मध्ये घेतली होती, म्हणूनच राजाराम महाराजांना पुढे तेथे जाता आले. इकडे रामचंद्रपंत अमात्य हुकूमतपनाह, म्हणजे राजाच्या वतीने पूर्ण अधिकार असलेले कारभारी, म्हणून महाराष्ट्राचा मुलूख सांभाळत राहिले आणि मोगली फौज दोन टोकांना ताणली गेली. पन्हाळ्याच्या अंबरखान्यात, म्हणजे धान्यकोठारात, गेलात तर गंगा कोठीच्या छताला धान्य ओतण्यासाठी ठेवलेली भोके जरूर पाहा. वेढा म्हणजे आतल्या धान्याची आणि बाहेरच्या खजिन्याची झुंज, हे तेथे चटकन उमगते. विशाळगड तर बादशहाने शेवटी पैसे मोजून घेतला, आणि परतताना पावसाने त्याच्या लष्कराचे अतोनात हाल केले.

माझे सर्वांत जास्त नुकसान केले ते रणनीतीचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या एका केंद्राने. नाव लिहीत नाही. राजाराम महाराजांच्या काळात सरदारांना दिलेल्या वतनांवर, म्हणजे वंशपरंपरागत जमीन-हक्कांवर, मी निबंध लिहिला होता. 'हा आर्थिक इतिहास, रणनीतीत येत नाही' असा शेरा मारून त्यातली नेमकी तीच पाने लाल शाईने खोडून परत आली, आणि त्याऐवजी एका रकान्यात सन त्झूची वचने, दुसऱ्यात मराठ्यांच्या लढाया असा तक्ता मागितला गेला. दाद मागायला गेलो तर खिडकीवरचे कारकून विभागप्रमुखांकडे पाठवत आणि विभागप्रमुख पुन्हा खिडकीकडे. फी भरलेली असल्याने तक्ता करून दिला. तो करताना डोके चालवावे लागले नाही, यातच सगळे आले.

वास्तविक विषयाचे मर्म त्या खोडलेल्या पानांतच होते. रिकाम्या खजिन्यावर फौज उभी करायची, आणि समोरून औरंगजेबही मनसबी (मोगली दर्जा व पगार) व वतने देऊन माणसे फोडतो आहे, अशा वेळी वतनाखेरीज देण्याजोगे फारसे काही नव्हते. त्याच बळावर युद्ध तगले, पण राज्यात स्वतंत्र वृत्तीचे सरदारही त्यामुळेच वाढले. वतनदार हे लहान असले तरी स्वतंत्र देशनायकच आहेत, असा इशारा आज्ञापत्र या मराठी राजनीतीच्या ग्रंथात आहे, आणि ते लिहिणारे रामचंद्रपंत स्वतः त्या काळात कारभार पाहत होते. आज्ञापत्र या पार्श्वभूमीवर वाचल्यास एरवी कोरडे वाटणारे प्रकरण अनुभवाचे बोल वाटू लागते.

हीच नजर पानिपताला लावा. मोगल बादशहाशी झालेल्या 1752 च्या अहमदिया कराराने मराठ्यांनी दिल्लीच्या रक्षणाची जबाबदारी अंगावर घेतली खरी, पण 1761 च्या जानेवारीत भरतपूरचा जाट राजा सूरजमल निघून गेलेला होता, अवधचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीकडे होता, राजपूत अलिप्त होते आणि भाऊसाहेबांची रसद तुटली होती. विश्वासराव पडण्याआधीची ही परिस्थिती आहे.

त्यानंतर अथेन्स-स्पार्टा युद्धाचा ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस घ्या. युद्ध चालू असताना साम्राज्य वाढवू नका, असे अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने आपल्या नगराला बजावले होते; इ.स.पू. 415 ची अथेन्सची फसलेली सिसिलीची मोहीम ते वाक्य जवळ ठेवून वाचा. क्लॉजविट्झच्या ग्रंथाचा पहिला आणि आठवा भाग पुरेसा आहे. मधले भाग घाईने वाचू नयेत, असे मला तरी वाटते. आणि प्रमाणपत्रासाठी पैसे भरणार असाल, तर आधी तेथील तपासलेला एखादा निबंध दाखवायला सांगा; दाखवत नसतील तर त्या पैशांत दख्खनचा चांगला नकाशा घ्या.