कोविडची लस घेतलेल्या माणसाला फ्लू आणि एचएमपीव्ही (सर्दी-खोकला करणारा एक विषाणू) यांपासून संरक्षण मिळतं का? लसीनं डीएनए बदलतो का?

दोन्हींचं उत्तर नाही. मी नागपुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्हीच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा काउंटरवर लोक हेच विचारत होते.

कोविडच्या लसीनं शरीराला ओळख करून दिली ती मुख्यतः कोरोनाच्या अंगावरच्या काट्यांची, म्हणजे स्पाइक प्रथिनाची. फ्लूच्या किंवा एचएमपीव्हीच्या अंगावर ते नसतंच. एचएमपीव्ही हा आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूच्या कुळातला, २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये सापडलेला. चॅनेलवाल्यांनी त्याला उगाच नवा करून टाकलं. त्यावर लस अजून आलेली नाही. फ्लूची आहे, पण तो विषाणू सतत रूप पालटतो, म्हणून ती दरवर्षी घ्यायची.

डीएनएची भीती मुळात एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू) लसीवरून पसरली आणि आपल्याकडे बहुतेकांनी ती घेतलेलीच नाही! कोव्हॅक्सिन म्हणजे निष्क्रिय केलेला अख्खा विषाणू. कोविशील्डमध्ये चिंपांझीचा एक ॲडिनोव्हायरस (सर्दीसारख्या आजारांच्या विषाणूंचा एक प्रकार), वाढू न शकणारा, स्पाइकचा जीन वाहून नेणारा. त्याचा डीएनए पेशीकेंद्रकात जातो हे खरं, पण आपल्या डीएनएत स्वतःला जोडून घ्यायची यंत्रणा त्याच्याजवळ नसते. एमआरएनए तर केंद्रकात शिरतच नाही. बाहेरच प्रथिन बनवून घेतो आणि मोडून जातो.

तुम्ही लिहिलंय की वडिलांना शुगर आहे आणि खोकला नेमका कशाचा ते कळत नाही. नुसतं बघून डॉक्टरांनाही सांगता येत नाही. नाकातला स्वॅब गुलाबी पाण्याच्या कुपीत आमच्याकडे येतो, तेव्हा सगळे नमुने सारखेच दिसतात. आरटी-पीसीआरच्या स्क्रीनवर फ्लू, आरएसव्ही, कोविड यांच्या वेगवेगळ्या रंगांच्या रेषा असतात. जी वर चढली, तो विषाणू. प्रत्येक सर्दीला ही टेस्ट करणं म्हणजे पैसे वाया घालवणं. पण वडिलांसारख्यांना फरक पडतो, कारण ओसेल्टामिविर हे औषध फक्त फ्लूवर चालतं आणि पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी. मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक आणून यातला एकही विषाणू मरत नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे फ्लू वाढतो. त्याआधीच वडिलांच्या डॉक्टरांना फ्लूच्या लसीचं विचारून घ्या.