क्रीडा व्यवस्थापन शिकताना आंतरराष्ट्रीय व्यावसायिक संघटनेचे विद्यार्थी सभासदत्व घ्यावे का?

पुण्यात क्रीडा व्यवस्थापनाच्या दुसऱ्या वर्षाला असताना डॉलरमध्ये वर्गणी भरून एखाद्या परदेशी संघटनेचे सभासद व्हावे का, आणि नोकरी मिळवताना त्याचा उपयोग होतो का, असे तुम्ही विचारले आहे. मी पुण्यात स्पर्धांच्या आयोजनात काम करतो आणि त्या कामासाठी नवी मुले-मुली निवडण्याची वेळही माझ्यावर येते, म्हणून निवड करणाऱ्याच्या बाजूने उत्तर देतो. केवळ नोकरी हा हेतू असेल तर यंदा वर्गणी भरू नये. पुढे संशोधन किंवा परदेशात पदव्युत्तर शिक्षण मनात असेल, तर मात्र विचार जरूर करावा.

सनदी लेखापालाला १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेचे सभासद झाल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. क्रीडा व्यवस्थापनासाठी आपल्याकडे अशी वैधानिक परिषद नाही आणि परवानाही लागत नाही. त्यामुळे सभासदत्व ही पात्रता ठरत नाही. वर्गणी आणि विद्यार्थी असल्याचा पुरावा दिला की ते मिळते, हे मुलाखत घेणाऱ्यालाही ठाऊक असते. अमेरिकेतील ‘कोस्मा’ ही संस्था अभ्यासक्रमांना मान्यता देते, विद्यार्थ्यांना नव्हे. माहितीपत्रके वाचताना या दोन गोष्टींची अनेकदा गल्लत होते.

ज्या संघटनांची नावे तुमच्या कानावर येतात, त्यांतील बहुतेक मुळात प्राध्यापक आणि संशोधकांच्या आहेत. उत्तर अमेरिकेतील क्रीडा व्यवस्थापन संघटना ‘नॅसम’ १९८५ मध्ये सुरू झाली आणि तिचे ‘जर्नल ऑफ स्पोर्ट मॅनेजमेंट’ १९८७ पासून निघते. अशीच युरोपातील संघटना ‘ईएएसएम’ १९९३ ची, तर आशियाई संघटना २००२ ची. त्यांच्या वार्षिक परिषदांत शोधनिबंध वाचले जातात, आणि निबंधाचा सारांश परिषदेच्या कितीतरी महिने आधी पाठवावा लागतो. म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापक आणि हाती थोडीफार आकडेवारी नसेल, तर सभासद होऊनही तुम्ही केवळ ई-पत्रे वाचत बसाल. माझ्या मते या सर्वांत विद्यार्थ्याच्या खऱ्या उपयोगाची गोष्ट म्हणजे ‘ईएएसएम’च्या परिषदेला जोडून होणारे विद्यार्थी चर्चासत्र, ज्यात वेगवेगळ्या देशांतील विद्यार्थ्यांचे गट करून त्यांना एखादा प्रश्न सोडवायला देतात. अर्थात तिथवर जाण्याचा खर्च वर्गणीच्या कितीतरी पट असतो.

प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या संघटना वेगळ्या. स्टेडियम, सभागृहे चालवणाऱ्यांची ‘आयएव्हीएम’ ही शंभरेक वर्षांची जुनी संघटना गर्दीचे नियोजन, सुरक्षा, तिकीटविक्री अशा विषयांचे प्रशिक्षण देते. मैदान-व्यवस्थापनातच शिरायचे असेल, तर तिच्याकडे बघावे. अमेरिकी महाविद्यालयांच्या क्रीडा संचालकांची ‘नॅकडा’ मात्र तिथल्या विद्यापीठीय खेळांभोवती फिरते. तिचा येथे फारसा उपयोग नाही. आपल्याकडे ‘फिक्की’ आणि ‘सीआयआय’ यांच्या क्रीडाविषयक समित्या आहेत, परंतु ती उद्योगांची व्यासपीठे आहेत. विद्यार्थ्याने तिथे श्रोता म्हणून जावे, एवढेच.

आता पुण्याविषयी, कारण तुमची खरी संधी येथे आहे. बालेवाडीचे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले. तेथे २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, २०१९ मध्ये ‘खेलो इंडिया’ झाली आणि २०१८ ते २०२३ या काळात एटीपी (पुरुष व्यावसायिक टेनिसपटूंची जागतिक संघटना) दर्जाची टेनिस स्पर्धाही भरत असे. गहुंजेच्या स्टेडियमवर २०२३ च्या विश्वचषकाचे पाच सामने झाले. अशा प्रत्येक आयोजनाला ओळखपत्रांचे टेबल, खेळाडूंची ने-आण, प्रायोजकांचे फलक आणि निकालपत्रके सांभाळणारी माणसे लागतात, आणि ती बहुधा आधी जिल्हा संघटनांच्या स्पर्धांत राबलेली असतात. म्हणून एखाद्या जिल्हा संघटनेच्या सचिवांना भेटून काम मागावे आणि जमल्यास त्या खेळाची पंच किंवा गुणलेखक परीक्षा द्यावी. भाग्यपत्रिका (कोणाचा सामना कोणाशी, हे ठरवणारी सोडत) कशी काढतात, बाय (न खेळता पुढच्या फेरीत प्रवेश) कोणाला देतात आणि पावसामुळे दिवस वाया गेला तर उरलेले सामने कसे बसवतात, हे ज्याला सांगता येते त्याच्या अर्जात परदेशी सभासदत्व आहे की नाही, हे मी पाहतही नाही. जिल्हा स्तरावरची ही कामे बहुतेकदा बिनपगारी असतात आणि कधीकधी जेवणाचे पाकीटही उशिरा येते, एवढी पूर्वकल्पना असू द्यावी.

‘राष्ट्रीय’ किंवा ‘अखिल भारतीय’ असे भारदस्त नाव लावून शुल्क मागणाऱ्या देशी संस्थांबाबत सावध राहावे. नोंदणी क्रमांक मागावा. महाराष्ट्रातील संस्था असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात चौकशी करता येते. पदाधिकारी निवडून आलेले आहेत का, वार्षिक अहवाल निघतो का आणि प्रमाणपत्राखेरीज सभासदाला नेमके काय मिळते, हे लेखी विचारावे. उत्तर टाळले गेले तर पैसे भरू नयेत.

तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ‘जर्नल ऑफ स्पोर्ट मॅनेजमेंट’ येत असेल, तर आधी त्याचे दोन-तीन अंक चाळून पाहावेत. त्यात मन रमले आणि अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय सुचला, तर त्या वर्षी परिषदेच्या तारखा पाहून एकाच संघटनेचे विद्यार्थी सभासदत्व घ्यावे, आणि सभासदवर्ष जानेवारीपासून मोजतात की पैसे भरल्याच्या दिवसापासून, हे आधी विचारून घ्यावे.