स्टॉल वेगाने नाही, कोनाने होतो

परीक्षेपुरता पाठ केलेला ‘स्टॉल स्पीड’चा आकडा जरा बाजूला ठेव. पंख स्टॉल होतो, म्हणजे विमान पेलून धरणं सोडतो, तो समोरून येणाऱ्या हवेशी त्याचा कोन मर्यादेपलीकडे गेला म्हणून. साध्या प्रशिक्षण विमानात ही मर्यादा साधारण १५ ते १८ अंश. वेग भरपूर असला तरी कोन ओलांडलास की लिफ्ट (विमानाला वर उचलणारं बल) कोसळलीच.

उंची न सोडता ६० अंश कलून वळलास तर पंखांवर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे सरळ उड्डाणात ५० नॉटला होणारा स्टॉल इथे ७० नॉटलाच गाठतो. ३० अंशांना वाढ जेमतेम ७ टक्के.

धावपट्टीकडचं शेवटचं वळण घेताना हे आठव. वळण लांबलं की पाय नकळत जास्त रडर (शेपटीचं सुकाणू) दाबतो, हात स्टिक ओढतो. हा मोह मलाही झालाय! तिथे स्पिन (स्टॉल होऊन गिरक्या घेत खाली येणं) सुरू झाला तर सावरायला उंचीच नसते. सरळ गो-अराउंड कर, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जा, त्यात लाज कसली?

२००९ च्या एअर फ्रान्स ४४७ या प्रवासी विमानाच्या अपघाताचा अहवाल जरूर वाच. सुमारे ३८,००० फुटांवरून समुद्रापर्यंत विमान स्टॉलमध्येच होतं आणि नाक बहुतेक वेळ वर. चाहूल लागली की आधी नाक खाली, पॉवर नंतर.